मुभा हवी, पण बेहिशेबी नको

ग्रेडल हे बिल्ड टूल वापरणाऱ्या जुन्याजाणत्या मंडळींची एक तक्रार बरीच वर्षं कानावर येते आहे. बिल्ड स्क्रिप्ट हा ग्रूव्हीत किंवा कॉटलिनमध्ये लिहिलेला चक्क प्रोग्राम असतो. मग त्यातून हव्या त्या वेळी रिझॉल्व्हरला हाक मारून ‘अमुक लायब्ररीची अमुक फाइल आणून दे’ असं सांगायला आडकाठी कशासाठी? पूर्वी हे बिनबोभाट चालायचं. आता टास्क चालू असताना ‘प्रोजेक्ट’ या ऑब्जेक्टला हात लावला की टूल डोळे वटारतं, कॉन्फिगरेशन कॅश सुरू केली की कालपर्यंत धड चाललेला बिल्ड लाल होतो, आणि ज्या सेवा टूलच्या आत राजरोस वापरल्या जातात त्या स्क्रिप्टच्या वाट्याला येत नाहीत. टूल करणाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी वापरणाऱ्यांची हत्यारं काढून घेतली, असा एकंदर सूर.

या तक्रारीतला निम्मा भाग खरा आहे आणि त्याचं माप मी टूल करणाऱ्यांच्या पदरात घालणारच आहे. पण ती ज्या तत्त्वावर उभी आहे ते तत्त्व पोकळ आहे, आणि आधी त्याचा समाचार घेतला पाहिजे. ‘स्क्रिप्टला मुभा असावी की नसावी’ असा वाद घालत बसलं की दोन्ही बाजू हमखास चुकतात. विचारायचं ते एवढंच: स्क्रिप्टनं काय मागितलं आणि तिला काय मिळालं, याची नोंद टूलकडे झाली का? नोंद होत असेल तर मागणी कितीही गुंतागुंतीची असो, जरूर करावी. होत नसेल तर साधी एका फाइलची मागणीसुद्धा बिल्डच्या मुळावर येते.

आधी रिझॉल्व्ह करणं म्हणजे काय, ते पाहू. स्क्रिप्टमध्ये आपण चार लायब्रऱ्यांची नावं लिहितो. त्या प्रत्येकीची पोम फाइल, म्हणजे तिची माहिती आणि डिपेन्डन्सी लिहिलेली फाइल, वाचावी लागते, तिच्या मूळ पोमपर्यंत चढत जावं लागतं, तिथून पुढच्या डिपेन्डन्सी निघतात, त्यांच्याही पोम असतात. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या समोरासमोर आल्या की निवाडा करावा लागतो. बिल्ड टूलांपैकी मेव्हन डिपेन्डन्सींच्या झाडाच्या मुळाला जवळची आवृत्ती उचलतो, ग्रेडल सर्वांत वरची. त्यात वगळलेल्या डिपेन्डन्सी, सक्तीच्या आवृत्त्या, एकाच लायब्ररीचे वेगवेगळे व्हेरियंट. पॅकेजांच्या नियमांना मोकळं रान दिलं तर हा प्रश्न गणिती अर्थानं अवघड होऊन बसतो. म्हणूनच गो भाषेच्या मंडळींनी २०१८ साली मॉड्यूल आणताना नियमच इतके आवळले की शोधाशोध करावीच लागू नये. थोडक्यात, ‘फाइल आणून दे’ या तीन शब्दांमागे बिल्डमधलं सर्वांत महागडं आणि सर्वांत नाजूक काम उभं असतं. डिस्कवरची फाइल उघडावी तशी ही हाक मारता येईल, ही समजूतच मुळात चुकीची.

पहिला युक्तिवाद: स्क्रिप्ट म्हणजे कोड, आणि कोडला बंधन कसलं? इथं विसर पडतो तो ही स्क्रिप्ट केव्हा चालते याचा. ग्रेडलचा बिल्ड तीन टप्प्यांत चालतो. इनिशियलायझेशनमध्ये कोणकोणते प्रोजेक्ट आहेत ते ठरतं, कॉन्फिगरेशनमध्ये सगळ्या स्क्रिप्ट वरपासून खालपर्यंत वाचून टास्कचा आराखडा तयार होतो, आणि एक्झिक्यूशनमध्ये त्यातले लागतील तेवढेच टास्क चालतात. म्हणजे स्क्रिप्टमध्ये टास्कच्या बाहेर लिहिलेली ओळ तुम्ही कोणतीही आज्ञा दिली तरी चालते.

आता एक नेहमीचा नमुना घ्या. रनटाइम क्लासपाथमध्ये किती जार फाइली आल्या ते छापणारी एक ओळ कुणीतरी तपासणीपुरती लिहिली. काम झालं, ओळ राहिली. ग्रेडलमध्ये डिपेन्डन्सींच्या गटालाही ‘कॉन्फिगरेशन’च म्हणतात, आणि अशा कॉन्फिगरेशनच्या ‘फाइल्स’ला हात लावला की ग्रेडलला ती कॉन्फिगरेशन त्याच क्षणी रिझॉल्व्ह करावी लागते. आता कुणी नुसती टास्कची यादी मागितली तरी आधी सगळा ग्राफ सोडवला जातो. ‘क्लीन’ चालवलं, म्हणजे फक्त एक फोल्डर पुसायचं होतं, तरी तेच. नव्या कोऱ्या सीआय मशिनवर कॅश रिकामी असते; तिथं फोल्डर पुसण्यासाठी इंटरनेटवरून जार उतरतात, आणि कंपनीची प्रॉक्सी त्या वेळी रुसलेली असेल तर फोल्डर पुसणंही साधत नाही. आयडीईमध्ये प्रोजेक्ट उघडताना ‘सिंक’ची पट्टी बराच वेळ सरकत का राहते, याचं उत्तर पुष्कळदा अशा एखाद्या बेवारशी ओळीत सापडतं.

वेळेचं सोडा, अचूकताही इथंच बिघडते. एखादी कॉन्फिगरेशन रिझॉल्व्ह झाली की ती गोठते. तिच्या पोटात येणाऱ्या डिपेन्डन्सी त्यानंतर बदलता येत नाहीत, आणि प्रयत्न केला तर ग्रेडल तसं स्पष्ट सांगून बिल्ड थांबवतं. आता वरची ओळ स्क्रिप्टच्या मध्यावर आहे आणि तिच्याखाली लावलेला एखादा प्लगइन ‘इम्प्लिमेंटेशन’मध्ये स्वतःची एक लायब्ररी घालू पाहतो. बिल्ड पडतो, आणि चुकीच्या संदेशात नाव असतं त्या बिचाऱ्या प्लगइनचं. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी. मग कुणीतरी ओळ ‘आफ्टर इव्हॅल्युएट’मध्ये, म्हणजे स्क्रिप्ट वाचून झाल्यावर चालणाऱ्या भागात, ढकलतो. दुसरा प्लगइनही आपलं काम त्याच कोपऱ्यात करत असतो. आता दोघांपैकी आधी नोंदणी कुणाची, यावर बिल्डचं भवितव्य ठरतं. कोडला बंधन नको म्हणणाऱ्यांनी बिल्डची शुद्धता ओळींच्या क्रमाच्या हवाली करून टाकली, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.

दुसरा युक्तिवाद जरा हुशारीचा आहे: पहिल्यांदा लागायचा तो वेळ लागतो, नंतर सगळं कॅशमधूनच येतं; मग एवढा आरडाओरडा कशाला? इथं दोन कॅशची गल्लत झाली आहे. उतरवलेल्या फाइली आणि पोम डिस्कवर राहतात हे खरं. पण त्यांच्यावरून ग्राफ मांडण्याचं काम दर बिल्डला नव्यानं करावं लागतं. शिवाय आवृत्ती ‘सर्वांत ताजी’ अशी मोघम लिहिली असेल, किंवा स्नॅपशॉटसारखी बदलती असेल, तर ग्रेडल ते उत्तर डीफॉल्टनं २४ तास खरं मानतं आणि मग पुन्हा विचारायला जातं. माझं उत्तर काल दुपारी घेतलेलं, तुमचं आज सकाळी घेतलेलं. दोघांचा कोड एक, जार दोन.

कॉन्फिगरेशन कॅशचा हेतूच मुळी कॉन्फिगरेशनचा टप्पा दुसऱ्या वेळी पूर्ण वगळायचा, हा. ग्रेडल ६.६ मध्ये, २०२० साली, ती प्रयोग म्हणून आली, ८.१ मध्ये, २०२३ साली, पक्की झाली. आणि २०२५ च्या ९.० पासून तीच पसंतीची पद्धत असल्याचं टूलनं जाहीर केलं. आता कुणी म्हणेल, कॉन्फिगरेशनच्या वेळी केलेलं रिझॉल्व्ह ही कॅश स्वतःहून नोंदवते, मग तुमची नोंदीची अट पुरी झालीच की. झाली, पण कोणत्या भावात ते पाहा. ती नोंद संपूर्ण आराखड्याच्या नावावर पडते. एका फालतू अहवालासाठी विचारलेली एक मोघम आवृत्ती शिळी झाली की ज्यांचा त्या अहवालाशी काडीचा संबंध नाही अशा सगळ्या मॉड्यूलांचा आराखडा रद्द होतो आणि पहिल्यापासून मांडावा लागतो. नोंद हवी ती जिथं गरज आहे त्या टास्कच्या खात्यावर. किराणा दुकानात उधारी ज्यानं नेली त्याच्या पानावर लिहितात, सगळ्या गल्लीच्या नाही.

तिसरा युक्तिवाद मेव्हनचा दाखला देतो. मेव्हनच्या प्लगइनला रिझॉल्व्हर सरळ मागून घेता येतो आणि हवं तेव्हा वापरता येतो. तिथं आकाश कोसळलं नाही, मग ग्रेडललाच सोवळं का? एक तर मेव्हनचा हमरस्ता हा नाहीच. मेव्हनमधला प्लगइन ‘मला अमुक स्कोपच्या डिपेन्डन्सी रिझॉल्व्ह झालेल्या हव्यात’ असं आपल्या अ‍ॅनोटेशनमध्ये जाहीर करतो आणि प्लगइनचं काम सुरू होण्याआधी मेव्हन त्या आणून ठेवतो. म्हणजे ज्याला स्वातंत्र्याचा नमुना म्हणून पुढं केलं जातं तिथंही सामान्य वाट जाहीर करून मागण्याचीच आहे. थेट हाक मारण्याची आडवाट आहे, आणि ती खपते याचं कारण वेगळं आहे: मूळ मेव्हन ‘या टास्कचे इनपुट बदलले नाहीत, सबब तो वगळतो’ असं वचनच देत नाही. प्लगइनला दर वेळी चालवायचंच म्हटल्यावर त्यानं गुपचूप काय आणलं याची फिकीर कुणी करावी? ग्रेडल ते वचन देतं. टास्क वगळायचा, त्याचा निकाल दुसऱ्या मशिनवरच्या कॅशमधून आणायचा, चार प्रोजेक्ट एकाच वेळी चालवायचे, हे सगळं त्या वचनावर उभं आहे. मेव्हनची ढिलाई आणि ग्रेडलचा वेग दोन्ही एकाच ताटात मागणं म्हणजे फुकटची अपेक्षा.

हाच निकष उलट बाजूलाही लावतो, म्हणजे पक्षपात होणार नाही. ग्रूव्हीमध्ये एका फाइलच्या स्क्रिप्टवर ‘ग्रॅब’ असं अ‍ॅनोटेशन लावून लायब्ररी मागता येते. जेबँगमध्ये तेच काम वरच्या एका कॉमेंटमध्ये होतं. तिथं माझी काडीची हरकत नाही. ती स्क्रिप्ट एकटी चालते, तिच्या निकालावर दुसरा टास्क अवलंबून नसतो, तिला वगळण्याचं वचन कुणी कुणाला दिलेलं नसतं. शिवाय मागणी फाइलच्या माथ्यावर, सर्वांना दिसेल अशी लिहिलेली असते.

दिसण्याचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच या वादात कुणी काढत नाही. स्क्रिप्टमधून गुपचूप फाइल आणण्याची लोकप्रिय युक्ती म्हणजे ‘डिटॅच्ड कॉन्फिगरेशन’: जागच्या जागी एक निनावी कॉन्फिगरेशन तयार करायची, तिच्यात एक डिपेन्डन्सी घालायची, रिझॉल्व्ह करायची आणि विसरून जायचं. तिला नाव मिळतं ते ‘डिटॅच्ड कॉन्फिगरेशन १’, ‘२’, ‘३’ अशा क्रमांकाचं. प्रोजेक्टच्या कॉन्फिगरेशनच्या यादीत ती नसते. म्हणून ‘डिपेन्डन्सीज’ हा अहवाल छापला तर ती त्यात येत नाही, आणि ‘डिपेन्डन्सी इनसाइट’ला तिच्याबद्दल विचारायला नावच नसतं.

डिसेंबर २०२१ आठवून पाहा. लॉग४जे या जावातल्या सर्वव्यापी लायब्ररीत लॉग४शेल नावाचं भगदाड सापडलं आणि जगभरच्या जावा टीमना एकाच प्रश्नाचं उत्तर तातडीनं द्यायचं होतं: ही लायब्ररी आपल्याकडे कुठं कुठं आहे? एक दुरुस्ती आली, ती अपुरी ठरली, दुसरी आली. महिना सरेपर्यंत २.१५.० पासून २.१७.१ पर्यंत आवृत्त्या निघाल्या आणि दर आवृत्तीला तोच प्रश्न नव्यानं. ज्या बिल्डमध्ये प्रत्येक मागणी नावानिशी जाहीर केलेली आहे तिथं एका आज्ञेत उत्तर मिळतं. ज्या बिल्डमध्ये कोड तयार करणारं एखादं साधन टास्कच्या पोटात निनावी कॉन्फिगरेशनमधून येतं, तिथं अहवाल ‘नाही’ म्हणतो आणि सीआय मशिनवर जार मात्र चालत असते. हे कोडचं स्वातंत्र्य नव्हे, आंधळेपणा आहे.

रिपॉझिटरीचंही तसंच. फेब्रुवारी २०२१ मध्ये जेफ्रॉगनं बिनट्रे आणि जेसेंटर या सेवा बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढं जेसेंटर फक्त वाचण्यापुरती उरली. रिपॉझिटऱ्या एका जागी जाहीर केलेल्या असतील तर हे एका ओळीचं काम. स्क्रिप्टा आणि प्लगइनांच्या पोटात विखुरलेल्या असतील तर खोदकाम. त्याच महिन्यात अ‍ॅलेक्स बिर्सन या सुरक्षा संशोधकानं दाखवून दिलं की कंपनीच्या आतल्या पॅकेजच्या नावानं बाहेरच्या सार्वजनिक रिपॉझिटरीत पॅकेज ठेवलं तर बिल्ड ते निमूटपणे उचलतात. पस्तीसहून अधिक कंपन्यांमध्ये त्याचा कोड अशा रीतीनं चालला. कोणत्या नावासाठी कोणत्या दारात जायचं, हा प्रश्न असा थेट सुरक्षेचा आहे. ग्रेडल ६.८ पासून सेटिंग्ज फाइलमध्ये रिपॉझिटऱ्या एकदाच लिहून, प्रोजेक्टनं स्वतःची रिपॉझिटरी जोडली तर बिल्ड पाडण्याची सोय आहे ती याचसाठी. या सोयीला ‘जाच’ म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्या कंपनीच्या सुरक्षा विभागासमोर बसून तोच शब्द उच्चारून पाहावा.

चौथा युक्तिवाद म्हणजे खरं तर युक्तिवाद नव्हे, पळवाट आहे: सार्वजनिक दार बंद असेल तर मागच्या दारानं जाऊ. ग्रेडलच्या आत ‘डिपेन्डन्सी रिझोल्यूशन सर्व्हिसेस’ नावाचा इंटरफेस आहे. रिपॉझिटऱ्या, कॉन्फिगरेशन आणि डिपेन्डन्सी तयार करणारा हँडलर तिथं एका गाठोड्यात मिळतो. त्याच्या पॅकेजच्या नावातच ‘इंटर्नल’ आहे, आणि अशा पॅकेजमधलं काहीही पूर्वसूचना न देता बदलेल, असं ग्रेडल उघडपणे सांगतं. तरी प्लगइन लिहिणारे तिथं हात घालतात, कारण आज चालतं.

उद्या काय होतं? ग्रेडलची मोठी आवृत्ती येते, आतली रचना बदलते, प्लगइन पडतो. प्लगइन लिहिणारा नोकरी बदलून गेलेला असतो. टीम ठरवते, तूर्त जुन्याच ग्रेडलवर राहू. पण ग्रेडलची प्रत्येक आवृत्ती जावाच्या ठराविक आवृत्तीपर्यंतच चालते: जावा १७ वर चालायला ग्रेडल ७.३ लागतं, जावा २१ वर चालायला ८.५. म्हणजे एका आतल्या क्लासच्या मोहापायी बिल्ड जुन्या ग्रेडलला, जुनं ग्रेडल जुन्या जावाला आणि जुना जावा बंद पडत चाललेल्या सुरक्षा दुरुस्त्यांना बांधला जातो. मागच्या दारानं मिळालेली सोय कधीच फुकट नसते. तिचं बिल फक्त दुसऱ्याच्या नावावर फाटतं.

इथवर तत्त्वाचा समाचार झाला. आता तक्रारीतला खरा भाग, आणि इथं माझा रोख टूल करणाऱ्यांकडे आहे.

लायब्ररीच्या परवान्यांचा अहवाल हे काल्पनिक काम नाही. सॉफ्टवेअर ग्राहकाला देताना कायदा विभाग तो मागतोच. परवाना कोणता ते पोम फाइलमध्ये लिहिलेलं असतं. म्हणून अहवालाचा टास्क आधी रनटाइम क्लासपाथचा ग्राफ घेतो, मग प्रत्येक लायब्ररीची पोम मागवतो. पण पुष्कळ पोममध्ये परवान्याचा उल्लेख नसतो. तो तिच्या मूळ पोममध्ये असतो, किंवा तिच्याही वरच्या. मूळ पोम कोणती, हे हातातली पोम वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणजे ही मागणी आधीपासून जाहीर करता येणं शक्यच नाही. एकीचं उत्तर आल्यावर दुसरी सुचते. ‘सगळं आधी सांगा’ म्हणणाऱ्या पंथाकडे याला उत्तर नाही.

ग्रेडलकडेही आज धड उत्तर नाही. ग्राफ हवा असेल तर ७.४ पासून रिझॉल्व्ह झालेल्या ग्राफचं मूळ ‘प्रोव्हायडर’ म्हणून टास्कच्या इनपुटमध्ये देता येतं; उत्तम सोय आहे. फाइली हव्या असतील तर आर्टिफॅक्ट व्ह्यू आहे. पण पोम मागण्यासाठी २.० पासून असलेली ‘आर्टिफॅक्ट रिझोल्यूशन क्वेरी’ प्रोजेक्टच्या डिपेन्डन्सी हँडलरवर बसलेली. आणि कॉन्फिगरेशन कॅशच्या राज्यात टास्क चालू असताना प्रोजेक्टकडे जायला बंदी. जुनं दार बंद केलं आणि नवं बसवलं नाही. गंमत अशी की ग्राफ सोडवताना ग्रेडलनं ती मूळ पोम आधीच उतरवलेली आणि वाचलेली असते, कारण तिच्याशिवाय लेकी पोमच्या आवृत्त्याच कळत नाहीत. आडात पाणी भरपूर आहे. पोहरा द्यायला कुणी तयार नाही. मग लोक मागच्या दारानं जातात, आणि त्यांना नियम मोडणारे म्हणून बोल लावले जातात. बोल लावणाऱ्यांनी आधी आरशात पाहावं.

यावर ‘स्क्रिप्टमध्ये तर्क असूच नये, नुसती घोषणा असावी’ हा उपाय सुचवणारे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. बेझल या बिल्ड टूलनं बिल्डच्या कृतींपासून नेटवर्क तोडण्याची सोय दिली आणि बाहेरून आणायच्या गोष्टी वेगळ्या नियमांत, लॉक फाइलसह कोंडल्या. शिस्त म्हणून ते दाद देण्याजोगं आहे. पण परवान्याच्या अहवालासारखं काम तिथं बिल्डच्या बाहेर स्वतंत्र साधनानं उरकावं लागतं. अडचण सुटली नाही, हद्दीबाहेर ढकलली गेली.

खरं उत्तर सैद्धांतिक पातळीवर केव्हाच मिळालेलं आहे. आंद्रे मोखोव्ह, नील मिचेल आणि सायमन पेटन जोन्स यांनी २०१८ साली ‘बिल्ड सिस्टिम्स आ ला कार्त’ हा निबंध लिहिला. बिल्ड टूलांचे दोन वर्ग त्यात स्वच्छ मांडले आहेत: काहींमध्ये टास्कनं कशावर अवलंबून राहायचं ते आधी ठरलेलं लागतं, काहींमध्ये टास्क चालता चालता नवी गरज शोधू शकतो. नील मिचेलचं ‘शेक’ हे टूल दुसऱ्या वर्गातलं. तिथं टास्क कामाच्या मध्यात ‘मला हेही लागेल’ म्हणतो. टूल ते पुरवतं, त्याच टास्कच्या नावावर टिपून ठेवतं, आणि पुढच्या वेळी ती टिपणं तपासूनच टास्क वगळायचा की चालवायचा ते ठरवतं. चालता चालता मागणं हा गुन्हा नाही. टूलच्या पाठीमागे मागणं हा आहे.

आणि ग्रेडलला हे जमणार नाही असंही नाही, कारण त्यानं हुबेहूब असाच एक प्रश्न नुकताच सोडवला आहे. स्क्रिप्टमधून बाहेरचा प्रोग्राम चालवायचा, उदाहरणार्थ गिटला चालू कमिटचा क्रमांक विचारायचा, तर पूर्वी प्रोजेक्टवरच ‘एक्झेक’ची पद्धत होती आणि लोक ती कुठंही वापरत. त्यावर नुसती बंदी घालून टूल गप्प बसलं नाही. टास्कमध्ये मागून घेता येईल अशी स्वतंत्र सेवा दिली. कॉन्फिगरेशनच्या वेळी उत्तर हवं असेल तर ७.५ मध्ये ते प्रोव्हायडर म्हणून मिळण्याची सोय केली, म्हणजे कॅशला त्याची खबर राहील. लोकांना वाट मिळाल्यावर जुनी पद्धत आधी नापसंत ठरवली आणि ९.० मध्ये काढून टाकली. क्रम नीट पाहा: आधी नवी वाट, मग सूचना, मग बंदी. फाइली हलवणं, झिप उघडणं, वेगळ्या प्रोसेसमध्ये काम देणं यांच्यासाठीही टास्कला हात पसरता येतील अशा सेवा आहेत. त्या रांगेत रिझॉल्व्हर तेवढा नाही.

तो हवा. टास्कमध्ये मागता येणारी, प्रोजेक्टला न चिकटलेली, सार्वजनिक सेवा हवी. सेटिंग्जमध्ये जाहीर केलेल्या रिपॉझिटऱ्यांपलीकडे तिनं पाऊल टाकू नये. ६.२ पासून असलेली चेकसमची पडताळणी तिलाही चुकू नये. मोघम आवृत्ती मागितली तर तिनं नकार द्यावा किंवा लॉक फाइल मागावी. आणि तिच्याकडे केलेली प्रत्येक मागणी, मिळालेल्या उत्तरासह, त्या टास्कच्या खात्यावर आणि डिपेन्डन्सीच्या अहवालात दिसावी. सेटिंग्ज स्क्रिप्टलाही अशीच मर्यादित सोय द्यावी. आज तिथं ‘डिपेन्डन्सी रिझोल्यूशन मॅनेजमेंट’ या भारदस्त नावाखाली रिपॉझिटऱ्या आणि कॅटलॉग लिहिता येतात, पण एक फाइलही रिझॉल्व्ह करून मिळत नाही, म्हणून लोक ‘बिल्डस्क्रिप्ट’ ब्लॉकच्या कॉन्फिगरेशनना कामाला जुंपतात. जी गरज लोक इतक्या कसरती करून भागवतात ती गरज खोटी नसते.

ही सेवा येईपर्यंत बिल्ड सांभाळणाऱ्यांनी हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. आपल्या स्क्रिप्टमध्ये टास्कच्या बाहेर कॉन्फिगरेशनच्या फाइलींना हात लावणारी प्रत्येक ओळ शोधा आणि काढा. एखादं साधन चालवण्यासाठी जार लागत असेल तर तिला नावानिशी कॉन्फिगरेशन द्या, आवृत्ती पक्की लिहा आणि टास्कच्या क्लासपाथला जोडा. निनावी कॉन्फिगरेशनची नव्वद टक्के निमित्तं तिथंच संपतील, हा माझा अंदाज पडताळून पाहा. ग्राफ हवा तिथं प्रोव्हायडर वापरा. मूळ पोमसारखं खरोखरच आधी सांगता न येणारं काम असेल तर तो टास्क कॉन्फिगरेशन कॅशशी जमत नसल्याचं त्याच्यावर उघड लिहा, ती सोय ७.४ पासून आहे, आणि रोजच्या बिल्डमधून काढून त्याला रिलीजच्या वेळेपुरता वेगळा चालवा. ‘इंटर्नल’ नावाच्या पॅकेजमधून इंपोर्ट आलेला दिसला तर तो रिव्ह्यूमध्येच अडवा, लिहिणारा कितीही ज्येष्ठ असो.

आणि टूल करणाऱ्यांना सांगणं एवढंच: नोंद ठेवण्याचा तुमचा आग्रह बरोबर आहे, पण नोंदवही तुमच्याच कपाटात कुलूपबंद ठेवून लोकांनी नोंद करावी अशी अपेक्षा धरू नका. एक्झेकच्या वेळी जो क्रम पाळला तोच इथं पाळा. आधी दार उघडा, मग भिंत बांधा.